थोडे सिमेंट, पुष्कळ दबाई

पाटण म्हटले की मराठी माणसाला साताऱ्याकडचे पाटण आठवते, ज्या तालुक्यात कोयनानगर आहे ते. हे पुस्तक ज्या गावामुळे सुचले ते पाटन वेगळे. त्याच्या शेवटी ‘ण’ नसून ‘न’ आहे, आणि ते जबलपूर जिल्ह्यात, नर्मदेच्या उत्तरेला, हिरन नदीच्या खोऱ्यात आहे. जबलपूरच्या मराठी घरांतही त्याचा उच्चार करताना कुणी ‘ण’ लावत नाही. दोन्ही गावांत एक साम्य मात्र आहे. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा, पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी झालेला. जबलपूरचा २२ मे १९९७ चा, तोही पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनीच. तीस वर्षांच्या अंतराने घड्याळाचा काटा त्याच जागी असणे हा निव्वळ योगायोग, त्यातून काही निघत नाही. पण पायाखालची जमीन नेमकी किती भार पेलते आणि पेलेनाशी होते तेव्हा कशी वागते, हा प्रश्न दोन्ही गावांना सारखाच पडलेला आहे. या पुस्तकाचा विषय त्या मोठ्या प्रश्नाचा एक छोटा तुकडा आहे: वाळूत थोडेसे सिमेंट मिसळून ती दाबून बसवली, तर तिच्यात काय बदलते?

विषय ऐकायला रुक्ष आहे हे मला मान्य आहे. इतकी वर्षे तो शिकवताना मागच्या बाकांवरची डुलकी मी पाहिलेली आहे. म्हणून आधी पाटनच्या शेतांकडे जाऊ.

जबलपूर, पाटन, सिहोरा, शहापुरा या पट्ट्याला हवेली म्हणतात. वाड्या-हवेल्यांशी तिचा संबंध नाही, ही शेती करण्याची जुनी रीत आहे. काळ्या मातीच्या शेताला चारी बाजूंनी बांध घालायचा, पावसाळाभर पाणी आत कोंडून धरायचे, आणि पाऊस सरला की बांध फोडून ते सोडून द्यायचे. मग त्या मुरलेल्या ओलीवर गहू, हरभरा, मसूर. तण पाण्याखाली कुजून जाते, वेगळे पाणी द्यावे लागत नाही. पावसाळ्यात हा सारा मुलूख म्हणजे एकाला एक लागून असलेली तळी. आता धान आले, हिरव्या मटाराने तर जिल्ह्याची ओळखच बदलली, पुष्कळ बांध मोडले. तरी जमिनीची पाणी धरून ठेवण्याची खोड गेलेली नाही, कारण ती खोड शेतकऱ्याची नव्हती, मातीची होती.

शेतकऱ्याला जे वरदान, ते रस्ता बांधणाऱ्याला डोकेदुखी. हवेलीतला रस्ता म्हणजे दोन तळ्यांमधली वाट. काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की हात आत जाईल इतकी भेगाळते, आणि वर अंथरलेला मुरूम-खडीचा थर दर वर्षी थोडा थोडा गिळते. विदर्भातल्या पांदणीवरून बैलगाडी नेलेल्या कुणालाही हे सांगायला नको. मग सिमेंट थेट काळ्या मातीतच का मिसळू नये? मिसळून पाहिलेले आहे. चिकण मातीचे गोळे होतात, सिमेंट गोळ्यांच्या बाहेर राहते आणि आतला गाभा कोराच राहतो. त्या मातीला आधी चुना लागतो. चुन्याने ती भुसभुशीत होते, तिचे फुगणे कमी होते. फुगणाऱ्या मातीवरच्या कामात मुंबईच्या आयआयटीतले प्रा. आर. के. कट्टी यांचे नाव मोठे आहे. काळ्या मातीवर न फुगणाऱ्या चिकट मातीचा जाड थर घालून तिला शांत करण्याची त्यांची पद्धत कालव्यांच्या कामात वापरली गेली. तो स्वतंत्र ग्रंथाचा विषय आहे आणि इथे तो मी मुद्दाम बाजूला ठेवला आहे. आपण काळ्या मातीच्या वर, चाकाच्या खाली जो थर येतो त्याकडे पाहणार आहोत, आणि तो थर वाळूचा किंवा वाळूसर मातीचा आहे.

पुण्या-साताऱ्याची माणसे वाळू म्हणतात, नागपूरची रेती म्हणतात. जबलपूरच्या मराठी बोलीत खडीलाही गिट्टी म्हणतात, आणि पुण्याहून आलेला पाहुणा दोन मिनिटे गोंधळतो. पुस्तकात मी दोन्ही शब्द वापरले आहेत. शब्दांची शुद्धी करत बसले असते तर दबाई राहून गेली असती.

हिरनच्या पात्रातली मूठभर कोरडी रेती घ्या आणि तळहात तिरका करा. ती ओघळते. जमिनीवर ओतली तर तिचा ढीग होतो आणि ढिगाचा उतार साधारण तीस-पस्तीस अंशांवर थांबतो, त्याहून उभा राहत नाही. कणांचे एकमेकांवर घासणे, एवढीच तिची ताकद. त्या घासण्याला दाब लागतो. वरून दाबले तर रेती चिवट, मोकळी सोडली तर निराधार. आता तीच रेती किंचित ओलसर करा. तिचा लाडू वळता येतो, मुले किल्ला बांधतात, भिंत उभी राहते. कणांच्या टेकणीशी पाण्याचा जो इवला पडदा धरलेला असतो त्याच्या ताणाने हे होते. किल्ला वाळला की ढासळतो, लाट आली की विरघळतो, कारण दोन्ही वेळा तो पडदा नाहीसा होतो. ही उसनी चिकटाई. सिमेंट काय करते, तर जिथे पाण्याचा पडदा होता नेमक्या त्याच जागी, दोन कणांच्या टेकणीशी, दगडाचा पडदा तयार करते. मग ऊन आले काय नि पाणी आले काय.

निसर्ग हे काम सिमेंटच्या गोणीशिवाय करत आला आहे. कोकण किनाऱ्यावर शंख-शिंपल्यांची वाळू चुन्याने सांधली जाऊन जो खरखरीत दगड होतो त्याला करल म्हणतात, आणि जुन्या बांधकामांत तो सर्रास वापरलेला दिसतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेला समुद्राकाठी अशाच हलक्या सांधलेल्या वाळूचे उभे कडे आहेत. वर्षानुवर्षे ताठ उभे असतात आणि एखाद्या दिवशी, फारशी सूचना न देता, मोठा काप खाली येतो. वेन क्लफ, निकोलस सितार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा सांधलेल्या वाळूवर, नैसर्गिक आणि प्रयोगशाळेत सिमेंट घालून केलेल्या दोन्हींवर, काम करून १९८१ मध्ये जो निबंध छापला तो या विषयात आजही पहिल्यांदा वाचायला देतात. त्या कड्यांचे वागणे, म्हणजे बराच काळ ताठ आणि मग एकदम, हेच या पुस्तकाच्या निम्म्या पानांचे सार आहे.

सिमेंटविषयी चार शब्द. पाटनच्या वाचकाला ते परके वाटू नये, कारण या देशातले अगदी सुरुवातीचे सिमेंट याच जिल्ह्यात पिकले. कटनीचा कारखाना १९१५ मध्ये सुरू झाला, पोरबंदरच्या पाठोपाठ. कैमूरचा १९२३ चा. कटनी तेव्हा जबलपूर जिल्ह्यात होते आणि १९९८ पर्यंत राहिले. विंध्याच्या चुनखडीवर उभे राहिलेले हे कारखाने जुन्या मध्य प्रांताचे, ज्याची राजधानी नागपूर होती. म्हणजे वाळू हिरनची, सिमेंट कैमूरचे, आणि त्यांना सांधणारे शास्त्र मात्र बरेचसे बाहेरून आलेले. अमेरिकेत साउथ कॅरोलिनातल्या जॉन्सनव्हिलजवळ १९३५ मध्ये दीड मैलाचा रस्ता मोजूनमापून सिमेंट-मातीचा केला, तेव्हापासून या कामाला शिस्त आली. त्याआधी दोनच वर्षे, १९३३ मध्ये, कॅलिफोर्नियात धरणांवर काम करणाऱ्या प्रॉक्टरने माती किती पाण्यावर सगळ्यांत घट्ट बसते हे मोजायची रीत छापली होती. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. आधी दबाई कळली, मग सिमेंट आले. आपल्याकडे साइटवर हा क्रम उलटतो. सिमेंटची पोती सगळे मोजतात, दबाई कुणी मोजत नाही.

फाळणीनंतर कर्नालला निर्वासितांसाठी सिमेंट मिसळलेल्या मातीच्या ठोकीव भिंतींची घरे उभी राहिली, हेही इथे नोंदवते. धुम्मसाने ठोकून केलेल्या त्या भिंतींत सिमेंट अगदी थोडे होते.

आता प्रयोगशाळेत जाऊ. सिमेंट मिसळलेल्या ओलसर वाळूचा नळकांड्यासारखा नमुना करायचा, ५ सेंटिमीटर व्यासाचा, १० सेंटिमीटर उंच. सात दिवस ओल टिकवून ठेवायचा आणि यंत्रात उभा दाबायचा. तो २ मेगापास्कलला फुटला, तर त्याने सुमारे ४०० किलो वजन पेलले. एवढ्याशा डब्याएवढ्या नमुन्यावर तीन क्विंटल गव्हाची पोती आणि वर एक माणूस. आकडा ऐकून विद्यार्थी खूश होतात आणि वही मिटतात. माझी तक्रार तिथेच आहे. फुटण्याचा आकडा ही गोष्टीची शेवटची ओळ आहे, आणि गोष्ट तर त्या आधीच्या रेषेत आहे. म्हणून हे पुस्तक आकड्यांपेक्षा आलेखाच्या वळणांवर जास्त रेंगाळते.

साधी मोकळी वाळू दाबली तर ती सावकाश गोलावत जाते. बराच वेळ थोडी थोडी दबते, फुगते, आणि एकदम असे काही घडत नाही. सिमेंटची वाळू सुरुवातीला जवळजवळ हलतच नाही. आलेख ताठ वर चढतो, उंचीच्या एखाद्या टक्क्याइतकी दबण्याच्या आतच टोक गाठतो, आणि तिथून कोसळतो. टोक जितके उंच तितकी घसरण तीव्र. कोसळल्यावर हाती काय उरते? पुन्हा वाळूच. सांधे तुटले, कणांचे घासणे तेवढे शिल्लक. क्लफ आणि मंडळींच्या मोजणीत हेच दिसले: सिमेंट वाढवले की चिकटाई वाढते, पण घर्षणाचा कोन फारसा बदलत नाही. सिमेंट वाळूचा स्वभाव पालटत नाही. त्या स्वभावावर वरून एक कवच चढवते, आणि कवच गेले की मूळ स्वभाव जसाच्या तसा समोर येतो.

हाच नमुना बाजूंनीही दाबून धरला, म्हणजे जमिनीत खोलवर असतो तसा, तर चित्र बदलते. बाजूचा दाब कमी असेल तर नमुना काचेसारखा तडकतो, तिरकी फट स्पष्ट दिसते. दाब वाढवत नेला तर तो तडकत नाही, पिंपासारखा फुगत बसतो. फारच वाढवला तर नुसत्या दाबानेच काही सांधे आधी चिरडले जातात, आणि मग सिमेंट घातले होते की नव्हते यात फारसा फरक उरत नाही. आता रस्ता डोळ्यांपुढे आणा. चाकाखालचा थर जमिनीच्या पृष्ठभागापासून वीतभर खाली. तिथे बाजूचा दाब असतोच किती? आणि रस्त्याच्या कडेला तर एका बाजूला काहीच नसते. म्हणजे आपण ही वस्तू नेमकी तिच्या सगळ्यांत ठिसूळ अवस्थेत वापरतो. गावरस्त्यांच्या कडा आधी का उडतात याचे एक उत्तर इथे आहे. साइडपट्टी भरून दाबणे हे कंत्राटात शेवटी येणारे आणि बिलात सहज कापले जाणारे काम. पण कडेला बाजूचा आधार मिळतो तो तेवढाच.

दुसरे म्हणजे ताण. दाबाला २ मेगापास्कल पेलणारी ही वस्तू ओढली तर त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास तुटते. चाक वरून जाते तेव्हा थर किंचित वाकतो आणि त्याचा तळ ओढला जातो. एका ट्रकने काही होत नाही. मटाराच्या हंगामात रोज रात्री मंडईकडे निघालेले ट्रक मोजा आणि तेवढ्या वेळा तळ ओढला गेला असे धरा. तडा खालून वर येतो, म्हणून तो दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी ३७ या नियमावलीत, २०१८ च्या आवृत्तीत, सिमेंट घातलेल्या खालच्या थरासाठी सात दिवसांची ताकद १.५ ते ३ मेगापास्कल आणि त्याच्या वरच्या मुख्य थरासाठी ४.५ ते ७ मेगापास्कल मागितली आहे. त्यातला खालच्या थराचा भाग नीट वाचावा असा आहे. ताकदीवरून हिशेब केला तर त्याचा ताठपणा हजारांच्या घरात येतो, पण आराखडा करताना धरायला सांगितले आहेत फक्त ६०० मेगापास्कल. लिहिणाऱ्यांना ठाऊक होते की हा थर जमिनीवर अखंड राहत नाही. त्यांनी तडे गेलेला थर गृहीत धरला. एवढा प्रामाणिकपणा नियमावल्यांत नेहमी आढळत नाही.

या पुस्तकातले सगळ्यांत लांब प्रकरण सहावे आहे. ते थोडे अवघड आहे, पण त्यासाठीच मी हे पुस्तक लिहिले. काँक्रीट शिकलेल्या प्रत्येकाच्या डोक्यात एक नियम घट्ट बसलेला असतो: पाणी कमी, सिमेंट जास्त, ताकद जास्त. एब्रम्सने १९१८ मध्ये मांडलेला हा नियम काँक्रीटला लागू आहे, कारण काँक्रीट कोंदले की त्यात हवा जवळजवळ उरत नाही, आणि पुढे ज्या पोकळ्या होतात त्या जास्तीच्या पाण्याने सोडलेल्या असतात. सिमेंट घातलेली वाळू तशी नसते. तिच्यात दहा किंवा बारा टक्के पाणी असते आणि पोकळ्या अर्ध्यामुर्ध्या हवेच्याच राहतात. तिथे पाणी-सिमेंटाच्या प्रमाणावरून ताकदीचा अंदाज बांधायला जाल तर फसाल. ब्राझीलमध्ये पोर्तो आलेग्रे इथल्या नीलो सेझार कोन्सोली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये हे नेमके दाखवले. त्यांनी पोकळीचे प्रमाण घेतले, त्याला सिमेंटच्या घनफळाच्या प्रमाणाने भागले, आणि विखुरलेले सगळे बिंदू एका रेषेवर आले. मात्र भागण्याआधी सिमेंटच्या आकड्याला एक घातांक द्यावा लागला. त्यांच्या मातीसाठी तो ०.२८ होता.

हा छोटासा आकडा माझ्या मते या विषयातले सगळ्यांत स्वस्त सोने आहे. कागद-पेन्सिल घ्या. त्या मातीत दबाईने पोकळी दहाव्या हिश्श्याने कमी केली, समजा ४५ टक्क्यांवरून साडेचाळीसवर आणली, तर तीच ताकद मिळवायला सिमेंट जवळजवळ एकतृतीयांशाने कमी लागते. रोलरच्या काही जास्त फेऱ्या, आणि तीन पोत्यांतले एक पोते वाचले. घातांक मातीप्रमाणे बदलतो. स्वच्छ, एकसारख्या कणांच्या वाळूत सिमेंटचा वाटा याहून मोठा असतो, म्हणून हिरनच्या रेतीवर ब्राझीलचा आकडा डोळे मिटून लावायचा नाही. आपल्या रेतीचा आपण काढायचा. तो कसा काढायचा हेच सहाव्या प्रकरणात आहे: तीन घनता, तीन सिमेंट, नऊ नमुने, आणि सात दिवसांचा धीर.

हिशेब रुपयांत मांडला की धीर येतो. रस्ता पावणेचार मीटर रुंद, थर २० सेंटिमीटर जाड. एका चौरस मीटरवर सुमारे ३८० किलो कोरडी वाळूसर माती येते. तिच्यात ५ टक्के सिमेंट म्हणजे १९ किलो. एका किलोमीटरला ७१ टन, म्हणजे ५० किलोची चौदाशेहून जास्त पोती. यातले तिसरे पोते वाचवता आले तर एका किलोमीटरमागे किती पैसे, ते ज्याने त्याने आजच्या भावाने काढावे.

पोती वाचवणे ही कंजुषी आहे असे कुणाला वाटेल, म्हणून दुसरी बाजूही सांगते. जास्त सिमेंट हे नुसते महाग नाही, घातकही आहे. सिमेंट मुरताना आणि सुकताना थर आकसतो. ताकद जितकी जास्त तितके तडे एकमेकांपासून लांब पडतात, आणि जितके लांब तितके रुंद. केसाएवढे दाट तडे चालतात, त्यांच्या दोन्ही कडांचे कण एकमेकांत अडकलेले राहतात आणि भार पलीकडे पोचतो. चार-पाच मीटरवर एक पण नखाएवढा रुंद तडा मात्र वरच्या डांबरातून उमटतो, आणि हवेलीच्या मुलखात त्यातून पाणी थेट काळ्या मातीत उतरते. म्हणजे ज्या मातीला झाकायला आपण एवढा खटाटोप केला तिलाच आपण नळ जोडून दिला. म्हणूनच नियमावली सिमेंटच्या थरावर १०० मिलिमीटर खडीचा मोकळा थर घालायला सांगते, तडा तिथेच जिरावा म्हणून. काही देशांत तर थर घातल्यावर एक-दोन दिवसांनी मुद्दाम कंपनाचा रोलर फिरवून बारीक तडे पाडतात. नव्या कोऱ्या थराला आपणच तडे पाडायचे, हे पहिल्यांदा ऐकल्यावर मीही हसले होते. मग आलेख पाहिले आणि हसू थांबले.

आणि वेळ. सिमेंटला पाणी लागले की घड्याळ सुरू होते. मिसळल्यापासून दबाई संपेपर्यंत दोन तास, एवढीच मुभा. जबलपूरच्या मे महिन्यात, पारा चाळिशीच्या वर असताना, ते दोन तासही भरवशाचे नसतात. एका गावरस्त्यावर, गावाचे नाव नको, मी हे डोळ्यांनी पाहिले. सकाळी मिसळलेला माल, रोलरचा डिझेल पंप बंद, दुपारी जेवणानंतर दबाई. दिसायला थर सुरेख. पण मधल्या वेळात जे सांधे धरले होते ते रोलरने मोडले, आणि मोडलेले सांधे पुन्हा जुळत नाहीत. आठव्या दिवशी बुटाच्या टाचेने उकरला तर रेती हातात आली. सिमेंट पूर्ण टाकलेले होते. पावत्याही होत्या. मुकादम मला पुन्हा पुन्हा पावत्याच दाखवत होता, आणि त्याचे खोटे नव्हते.

भूकंपाने सुरुवात केली होती, त्याकडे येते. पाण्याने भरलेली सैल वाळू हादरली की तिचे कण घट्ट बसू पाहतात, मधल्या पाण्याला निघायला वाट नसते, पाण्याचा दाब चढतो आणि क्षणभर कणांचे एकमेकांवरचे टेकणेच सुटते. जमीन पातळ होते. १९६४ मध्ये जपानमधल्या निईगाता शहरात मजबूत बांधलेल्या चाळवजा इमारती अशाच जमिनीत न मोडता आडव्या झाल्या. आपल्याकडे १९३४ च्या बिहार-नेपाळ भूकंपात आणि २००१ मध्ये कच्छच्या रणात वाळू-पाण्याची कारंजी उडाली. अशा वाळूत थोडे सिमेंट असेल, अगदी एक-दोन टक्के, तरी सांधे कणांना धरून ठेवतात आणि जमीन इतक्या सहज पातळ होत नाही. इथे ताकदीचा मोठा आकडा कुणी मागत नाही. कण सुटू नयेत, एवढेच मागतात. रस्त्यासाठी लागणारी वाळू आणि पुलाच्या पायाशी लागणारी वाळू यांना एकच माप लावायचे नाही, हे शेवटच्या दोन प्रकरणांत आले आहे.

एक खुलासा. पुस्तकभर हिरनची रेती, हिरनची रेती असे येते, त्यावरून मी नदी उपसायला सांगते आहे असे कुणी समजू नये. नर्मदा आणि तिच्या उपनद्यांच्या पात्रांचे काय चालले आहे ते काठावरून चालणाऱ्या परकम्मावासीयांना माझ्याहून जास्त दिसते. धुतलेली स्वच्छ नदीची रेती रस्त्याच्या थरात पुरणे हा शुद्ध अपव्यय आहे. तिची जागा काँक्रीटमध्ये. सिमेंटच्या थराला कमी प्रतीची वाळू चालते, बारीक गाळ मिसळलेली, नाल्याकाठची, जुन्या उखडलेल्या रस्त्याची. किंबहुना थोडा गाळ असलेली वाळू जास्त घट्ट बसते, कारण मोठ्या कणांमधल्या पोकळ्या बारीक कण भरतात. उत्तर प्रदेशात अलीकडे जुनाच रस्ता जागच्या जागी खरवडून, त्यात सिमेंट मिसळून पुन्हा दाबण्याची पद्धत प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत वापरली गेली आहे. हवेलीच्या रस्त्यांना ती किती मानवेल, त्यासाठी काय तपासावे लागेल, याचा विचार मी नवव्या प्रकरणात केला आहे. तिथे मी ठाम बोललेली नाही. ठाम बोलण्याइतके पावसाळे त्या रस्त्यांनी अजून पाहिलेले नाहीत.

गणित कच्चे असलेल्यांनी तिसरे प्रकरण ओलांडून जावे, काही बिघडत नाही. साइटवर काम करणाऱ्यांनी मात्र बारा फेऱ्यांच्या ओल्या-सुक्या चाचणीचे पान सोडू नये. नमुना भिजवायचा, सुकवायचा, पुन्हा भिजवायचा, असे बारा वेळा, आणि किती झिजला ते तोलायचे. हवेलीतला थर दर वर्षी हेच भोगतो, आणि दाबाच्या चाचणीत उत्तम ठरलेले काही नमुने इथे सातव्या-आठव्या फेरीला मान टाकतात.

पहिले प्रकरण उघडण्याआधी वाचकाने एक काम करावे. आठवडाभर लागेल. कागदाचे तीन पेले घ्या. अर्धा-अर्धा किलो कोरड्या वाळूचे तीन वाटे करा. दोन वाट्यांत २५-२५ ग्रॅम सिमेंट, तिसऱ्यात ५० ग्रॅम. प्रत्येकात साधारण ५० ग्रॅम पाणी शिंपडून हाताने नीट कालवा, रबरी मोजे घालून. पहिला वाटा पेल्यात नुसता सैल भरा. दुसरा तीन थरांत भरा आणि प्रत्येक थर लाटण्याच्या टोकाने पंचवीस वेळा ठोका. दुप्पट सिमेंटचा तिसरा पुन्हा सैल भरा, ठोकू नका. माल उरेल तो फेकून द्या, पेल्यावर ढीग करू नका. वरून ओले फडके टाका आणि ते वाळू देऊ नका. सातव्या दिवशी कागद सोलून काढा, तिन्ही रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा, आणि सकाळी खिळ्याने ओरखडून पाहा. मग गुडघ्याइतक्या उंचीवरून एकेक करून फरशीवर सोडा. कुठला फुटला, आणि किती तुकड्यांत, ते पुस्तकाच्या मलपृष्ठाच्या आत कोऱ्या ठेवलेल्या पानावर पेन्सिलीने लिहून ठेवा. सहाव्या प्रकरणात ते लागेल.